सातबाराची तारीख होऊ नये म्हणून
माहितीसंग्रहातील नोंदी स्प्रेडशीटमध्ये घेताना बाळगावयाची दक्षता

हावडा–नागपूर–मुंबई या लोहमार्गावर पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्याची हद्द लागते आणि थोड्याच वेळात धामणगाव हे स्थानक येते. नकाशात आणि शासकीय नोंदींत या गावाचे नाव मात्र नुसते ‘धामणगाव’ असे नाही. ते ‘धामणगाव रेल्वे’ असे आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. अमरावती जिल्ह्यातच चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार हे दोन स्वतंत्र तालुके आहेत. नावाचा शेवटचा शब्द गळाला तर एका तालुक्याची नोंद दुसऱ्या तालुक्याच्या खात्यात जाऊ शकते. नोंदीतील एखादे अक्षर, एखादे शून्य किंवा एखादी तिरपी रेघ किती मोलाची असते, हे वऱ्हाडातील कारकुनाला आणि तलाठ्याला निराळे सांगावयास नको.

जमिनीच्या नोंदी, शाळेचा पट, ग्रामपंचायतीची कर आकारणी, अनुदानाच्या याद्या ही सर्व माहिती आता संगणकातील माहितीसंग्रहात, म्हणजे डेटाबेसमध्ये, साठवली जाते. परंतु प्रत्यक्ष काम करताना ती बहुधा तेथून बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या रकान्यांच्या संगणकीय पत्रकात, घेतली जाते. बेरजा, क्रमवारी, छाननी आणि छपाई ही कामे तेथे सोपी जातात. या स्थलांतरात माहितीचे रूप बदलते, आणि पुष्कळदा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हे कसे घडते व ते कसे टाळता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

अंक आणि संख्या यांतील भेद

या विषयाचे मूळ एका साध्या भेदात आहे. अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. क्षेत्र, आकार, कराची रक्कम, विद्यार्थ्यांची उपस्थिती या संख्या होत; त्यांची बेरीज करता येते आणि त्या बेरजेला अर्थ असतो. गट क्रमांक, खाते क्रमांक, पिनकोड, दूरध्वनी क्रमांक, शाळेचा संकेतांक यांची बेरीज कोणी करीत नाही. ती अंकांत लिहिलेली नावे आहेत. नावातील अक्षर जसे बदलता येत नाही, तसा त्यांतील अंकही बदलता येत नाही, आणि आरंभीचे शून्यही गाळता येत नाही.

माहितीसंग्रहाला हा भेद ठाऊक असतो. त्याची रचना करतानाच प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरविलेला असतो : हा मजकूर, ही संख्या, ही तारीख. अडचण त्यानंतर येते. माहिती बाहेर काढताना ती सामान्यतः ‘सीएसव्ही’ स्वरूपाच्या फाइलीत दिली जाते. ही अत्यंत साधी फाइल असते. तिच्यात एका ओळीत एक नोंद असते आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो. तिच्यात अक्षरे असतात, अंक असतात. परंतु कोणता रकाना कोणत्या प्रकारचा, हे कोठेही लिहिलेले नसते. ती फाइल दोनदा कळ दाबून सरळ उघडली, की स्प्रेडशीट प्रत्येक चौकटीतील मजकूर पाहून स्वतःच अंदाज बांधते. अंकांसारखे दिसले की ती संख्या, आणि तारखेसारखे दिसले की ती तारीख, असे गृहीत धरले जाते. नोंदींचा घात याच अंदाजाने होतो.

सात बाराचे ‘७ डिसेंबर’

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा सातबारा शेतकऱ्याच्या जीवनाशी जोडलेला दस्तऐवज आहे. त्याचे नाव लिहिण्याची प्रचलित पद्धत ‘७/१२’ अशी आहे. भारतीय पद्धतीची तारीख निवडलेल्या संगणकावर रिकाम्या चौकटीत ७/१२ टंकलिखित केले, तर एक्सेल त्याचे रूपांतर चालू वर्षाच्या ७ डिसेंबर या तारखेत करते. अमेरिकी पद्धत निवडलेली असेल, तर तीच नोंद १२ जुलै होते.

दस्तऐवजाच्या नावाचे असे झाले तर हसून सोडून देता येईल. पण भूमापन क्रमांकाचे पोटहिस्सेही असेच लिहिले जातात. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई पद्धतीने जमिनीची मोजणी व जमाबंदी झाली आणि शेतांना सर्वे क्रमांक मिळाले. पुढे वाटण्या व खरेदी-विक्री होत गेली, तसे त्यांचे पोटहिस्से पडले. १२ क्रमांकाच्या शेताचे १२/१, १२/२, १२/३ झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलात आल्यावरही क्रमांकांची ही भाषा कायम राहिली. तिरपी रेघ या भाषेतील महत्त्वाचे चिन्ह आहे. तिच्या डावीकडे मूळ शेत असते आणि उजवीकडे वाटणीचा हिस्सा असतो.

समजा, धामणगाव रेल्वे तालुक्यातील एखाद्या गावाची खातेदारांची यादी स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडली. भारतीय पद्धतीच्या संगणकावर १२/१ चे १२ जानेवारी होईल, १५/८ चे १५ ऑगस्ट होईल आणि २६/१ चे २६ जानेवारी होईल. १०४/२ मात्र जसेच्या तसे राहील, कारण महिन्यात १०४ वा दिवस नसतो. एकाच रकान्यातील काही ओळी बदलतात आणि काही शाबूत राहतात, म्हणून दोष चटकन दिसत नाही. शेकडो ओळींची यादी वरवर पाहणाऱ्याला ती ठीकच वाटते.

हा बदल केवळ दिसण्यातला नाही. एक्सेल तारीख ही वस्तुतः इसवी सन १९०० च्या आरंभापासून मोजलेल्या दिवसांच्या संख्येच्या रूपात साठविते. २०२४ सालच्या ७ डिसेंबरचा असा दिवस-क्रमांक ४५६३३ येतो. चूक लक्षात आल्यावर त्या चौकटीचा प्रकार ‘मजकूर’ असा केला, तर ७/१२ परत येत नाही. ४५६३३ हा आकडा समोर येतो. बिघाड झाल्यावर प्रकार बदलून दुरुस्ती होत नाही, ही गोष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याने पक्की लक्षात ठेवावयास हवी.

तारखेची कटकट टाळण्यासाठी काही ठिकाणी तिरप्या रेघेऐवजी टिंब देण्याची युक्ती केली जाते. ती अधिक घातक आहे. १२/१ चे १२.१ आणि १२/१० चे १२.१० असे लिहिले, की संगणकाच्या दृष्टीने दोन्ही दशांश अपूर्णांक समान ठरतात. शेवटचे शून्य गळते आणि दोन वेगळ्या खातेदारांचे दोन वेगळे हिस्से एका क्रमांकाखाली येतात. आडव्या रेघेनेही भागत नाही, कारण ५-२ हीदेखील स्प्रेडशीटच्या दृष्टीने तारीखच असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील, म्हणजे कर आकारणी नोंदवहीतील, घर क्रमांकांना ही बाब तितकीच लागू आहे.

गळणारी शून्ये आणि बदलणारे शेवटचे अंक

दुसरा दोष आरंभीच्या शून्यांचा. अमरावतीचा दूरध्वनी संकेतांक ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ आहे. स्प्रेडशीटने त्यांना संख्या मानले की ७२१ आणि ७२४ उरतात. धनादेशाचा क्रमांक सहा अंकी असतो. ००४५१२ चे ४५१२ झाले, की बँकेच्या विवरणाशी तो जुळत नाही. २०११ च्या जनगणनेत तालुक्यांना पाच अंकी संकेतांक दिले गेले आणि महाराष्ट्रातील तालुक्यांच्या संकेतांकांच्या आरंभी शून्य आहे. ते गळाले, की एका विभागाची यादी दुसऱ्या विभागाच्या यादीशी मेळ खात नाही.

तिसरा दोष लांब क्रमांकांचा असून तो सर्वांत गंभीर आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पहिले १५ अंक अचूक ठेवते. त्यापुढील अंकांच्या जागी शून्ये बसविते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी आहेत. अशा क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला, तर ते खाते एक तर अस्तित्वातच नसते, किंवा दुसऱ्या कोणाचे असते. राज्यातील शाळांच्या ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्याला १९ अंकी क्रमांक दिला गेला. तो संख्या म्हणून वाचला गेला, तर त्याचे शेवटचे चारही अंक शून्य होतात. केवळ त्या चार अंकांनी एकमेकांपासून वेगळी ओळखली जाणारी मुले यादीत एकच होऊन जातात.

१२ अंकी आधार क्रमांकाचे प्रकरण किंचित निराळे आहे. तो १५ अंकांच्या मर्यादेत बसतो, म्हणून त्याचे मूल्य सुरक्षित असते. परंतु चौकटीत तो ‘२.३४५६८ई+११’ अशा शास्त्रीय लेखनात दिसतो. त्याच अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही स्वरूपात जतन केली, तर डोळ्यांना दिसणारा मजकूरच लिहिला जातो आणि उरलेले अंक कायमचे जातात. शाळांचा यूडायस संकेतांक ११ अंकी आहे. अमरावती जिल्ह्यातील शाळांचे संकेतांक २७०७ ने सुरू होतात. रकाना अरुंद असेल, तर तोही या आखूड रूपात दिसू लागतो. आधार क्रमांकाबाबत आणखी एक दक्षता हवी. ज्या कामासाठी तो लागत नाही, त्या कामाच्या पत्रकात तो घेऊच नये.

मराठी मजकुराचे रक्षण

अंकांप्रमाणे अक्षरांचेही रूप बिघडते. माहितीसंग्रहातून आलेली मराठी फाइल बहुधा युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत असते. ती सरळ उघडल्यावर खातेदारांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. मूळ फाइल बिघडलेली नसते. स्प्रेडशीटने ती चुकीच्या लिपिसंकेताने वाचलेली असते. अशा वेळी घाबरून नावे पुन्हा टंकलिखित करण्याची गरज नाही. फाइल न जतन करता बंद करावी आणि लिपिसंकेत निवडून पुन्हा घ्यावी.

युनिकोडपूर्व काळातील जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. त्या काळी मराठी मजकूर ठरावीक टंकांशी बांधलेला असे. आत रोमन अक्षरांचे संकेत असत आणि टंकामुळे ते देवनागरी दिसत. असा मजकूर दुसऱ्या पत्रकात घेताना टंक सुटला, की अर्थही सुटतो. अशा नोंदी प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, तपासून, मगच पुढे न्याव्यात. १२ आणि 12 असे देवनागरी व रोमन अंक एकाच रकान्यात मिसळणेही टाळावे. माणसाला ते एकच वाटतात, पण मजकूर म्हणून शोध घेणाऱ्या संगणकाला ते दोन वेगळे असतात.

रंगांविषयीही थोडे सांगावयास हवे. वादग्रस्त नोंद तांबड्या रंगात आणि तपासलेली हिरव्या रंगात दाखविण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. सीएसव्ही फाइलीत किंवा माहितीसंग्रहाच्या साध्या रकान्यात रंग जात नाहीत. रंगाने सांगितलेली गोष्ट पुढच्या टेबलावर पोचत नाही. म्हणून त्यासाठी ‘शेरा’ असा स्वतंत्र रकाना ठेवून त्यात शब्दांत लिहावे.

योग्य पद्धत

वरील सर्व दोषांवर उपाय एकच आहे. रकान्याचा प्रकार स्प्रेडशीटला ठरवू न देता, माहिती आत येण्यापूर्वी माणसाने ठरवावयाचा. त्यासाठी फाइल सरळ उघडण्याऐवजी ती आयात करावी.

एक्सेलमध्ये ‘डेटा’ या विभागात ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ हा पर्याय आहे. फाइल निवडल्यावर एक पूर्वदर्शन दिसते. तेथे ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ या क्रमांकाचा यूटीएफ-८ लिपिसंकेत निवडावा. ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये प्रकार न ओळखण्याचा पर्याय निवडावा. असे केल्याने सर्व रकाने मजकूर म्हणून येतात. त्यानंतर ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन क्षेत्र, रक्कम यांसारखे खरोखर संख्येचे रकाने तेवढे संख्येत बदलावेत. माहितीसंग्रहाशी थेट जोडणी करून माहिती घेतली, तरी क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ आहेत याची खात्री याच ठिकाणी करून घ्यावी. जोडणीच्या गुणधर्मांत चौकटींची मांडणी कायम राखण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यास माहिती ताजी केल्यावरही रकान्यांना दिलेले स्वरूप टिकते.

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सीएसव्ही फाइल उघडताच आयातीची चौकट आपोआप समोर येते. तेथे यूटीएफ-८ निवडावे, खालच्या नमुन्यातील रकान्यावर कळ दाबून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा आणि विशेष संख्या ओळखण्याचा पर्याय बंद ठेवावा. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचे संख्या, तारखा व सूत्रे यांत रूपांतर करण्याची खूण काढून टाकावी.

हाताने नोंदी करावयाच्या असतील, तर कोऱ्या पत्रकातच संबंधित रकान्याचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ करावा. एखाददुसरी नोंद असेल, तर क्रमांकापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह टंकलिखित केल्यानेही काम भागते. अशा चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि संख्या मजकूर म्हणून साठविल्याची सूचना मिळते. ती सूचना दोषाची नाही. तिला मान देऊन ‘संख्येत रूपांतर करा’ हा पर्याय निवडला, तर सर्व खबरदारी वाया जाते.

२०२३ साली एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत आरंभीची शून्ये काढणे, लांब क्रमांकांचे १५ अंक ठेवणे यांसारखी आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय आली. ती उपयुक्त आहे. मात्र तिच्यातील तारखेसंबंधीचा पर्याय अक्षरे व अंक सलग जोडून येणाऱ्या मजकुरापुरता आहे. तिरप्या रेघेच्या गट क्रमांकांसाठी त्यावर विसंबू नये.

तपासणी

आयात झाल्यावर पाच मिनिटे तपासणीसाठी द्यावीत. पुढील बाबी पाहणे पुरेसे आहे.

१. मूळ नोंदींची संख्या आणि पत्रकातील ओळींची संख्या सारखी आहे काय? जुन्या ‘एक्सएलएस’ पत्रकात ६५,५३६ ओळी मावतात, तर नव्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये १०,४८,५७६.

२. ठरावीक लांबीच्या क्रमांकांची लांबी सर्व ओळींत सारखी आहे काय? ‘लेन’ या सूत्राने ती मोजता येते.

३. गट क्रमांकाच्या रकान्यात कोठे महिन्याचे नाव किंवा पाच अंकी दिवस-क्रमांक आला आहे काय?

४. दोन याद्या जुळवताना दोन्हीकडील क्रमांक एकाच प्रकारचे आहेत काय? धामणगाव रेल्वेचा ४४४७०९ हा पिनकोड एका यादीत संख्या आणि दुसरीत मजकूर असेल, तर शोधसूत्राला ते जुळत नाहीत.

५. दुबार नोंदी शोधण्यासाठी ‘काउंटइफ’ सूत्र वापरले आहे काय? हे सूत्र मजकुरातील लांब अंकांनाही संख्या समजते. १५ पेक्षा अधिक अंकांचे दोन वेगळे क्रमांक ते दुबार ठरवू शकते. केवळ त्याच्या भरवशावर कोणाचेही नाव वगळू नये.

मजकुराच्या रूपातील पोटहिस्से क्रमाने लावताना १२/१, १२/१०, १२/२ असा क्रम येतो. त्यासाठी मूळ रकाना बदलू नये. मूळ क्रमांक व हिस्सा यांचे दोन साहाय्यक रकाने शेजारी करावेत, क्रमवारी त्यांवर लावावी आणि मूळ रकाना तसाच राखावा. याउलट, क्षेत्र ही खरी संख्या असल्याने ती संख्याच ठेवावी, पण दोन दशांश स्थळे दाखवावीत. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, ०.४ असे दिसले तर घाईत वाचणारा ४ आर समजण्याचा संभव असतो.

जगाचा अनुभव

हा प्रश्न केवळ तालुक्याच्या कचेरीचा नाही. जनुकांच्या नावांची एक्सेलमध्ये तारीख होते, हे शास्त्रज्ञांनी २००४ साली निदर्शनास आणले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत असे दोष आढळले. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा नावांच्या मानवी जनुकांची नावे अखेर बदलण्यात आली आणि २०२० साली त्याविषयीचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी काही दिवस अहवालांत आल्याच नाहीत. जुन्या स्वरूपाच्या पत्रकाची ओळींची मर्यादा संपल्याने त्या गळाल्या होत्या. परिणामी त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

शास्त्रज्ञांना जनुकांची नावे बदलता आली. शेतकऱ्याच्या गट क्रमांकाचे तसे नाही. तो क्रमांक खरेदीखतात आहे, पीककर्जाच्या कागदात आहे, वारसाच्या फेरफारात आहे आणि बांधावरच्या शेजाऱ्याच्या तोंडीही आहे. संगणकाच्या सोयीसाठी तो बदलता येणार नाही. संगणकालाच तो जसा आहे तसा घ्यावयास लावले पाहिजे.

कार्यालयाची शिस्त

यासाठी मोठा खर्च किंवा नवी यंत्रणा लागत नाही. माहितीसंग्रहातून आलेली मूळ फाइल न उघडता, न बदलता एका स्वतंत्र ठिकाणी जपावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. म्हणजे चूक झाली तरी मूळ सत्य हाताशी राहते. दरमहा तयार होणाऱ्या पत्रकांसाठी कोणते रकाने मजकुराचे व कोणते संख्येचे, याची एक लहान यादी करून ती संगणकाजवळ लावावी. कर्मचारी बदलला तरी शिस्त बदलत नाही. ग्रामसभेपुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे यादी ठेवण्यापूर्वी तिच्यातील पाच-दहा नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. पंचायत सदस्यांनीही छापील यादीत गट क्रमांकाच्या जागी महिन्याचे नाव दिसल्यास ती यादी तेथेच थांबवून दुरुस्त करून मागावी.

कागदी दप्तरात खाडाखोड झाली, तर ती दिसत असे आणि त्यावर स्वाक्षरी मागितली जात असे. संगणकातील ही खाडाखोड दिसत नाही, तिच्यावर कोणाची स्वाक्षरीही नसते. तिचा फटका मात्र ज्याचे अनुदान अडते, ज्याचा हिस्सा यादीतून गळतो किंवा ज्या मुलाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीत मिसळते, त्यालाच बसतो. म्हणून रकान्याचा प्रकार आधी ठरवून मगच माहिती घेणे, ही तांत्रिक बाब तर आहेच, पण नोंद राखणाऱ्याच्या कर्तव्याचाही तो भाग आहे.